ट्रँगल वाजत होता

बाबा,

ट्रँगल वाजत नाही असं मला वाटलं, तिथून हे सुरू झालं. मी कॉम्प्युटरवर गाणी बसवते हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही होतात तेव्हा ऊर्जानगरात, आपल्या वीज केंद्राच्या कॉलनीत, कॉम्प्युटर फक्त साहेबांच्या ऑफिसात, काचेच्या दाराआड होता आणि तिथे चपला काढून जावं लागायचं. आता मी गडचिरोलीला एका शाळेत संगीत शिकवते. शाळेचा छोटा बँड आहे: बासऱ्या, दोन ड्रम, एक झांज, एक ट्रँगल, म्हणजे टिंग वाजणारा सळीचा त्रिकोण, आणि मागे गाणारी मुलं. मुलं लांबच्या गावांतली, सुट्टी लागली की घरी जातात आणि पावसात रस्ता बंद झाला की आठ-आठ दिवस परत येत नाहीत. म्हणून मी गाणी आधी कॉम्प्युटरवर लिहिते. पडद्यावर पाच रेघांची पट्टी असते, तिच्यावर सुरांच्या खुणा मांडायच्या, कळ दाबली की कॉम्प्युटर सगळा बँड वाजवून दाखवतो. खरं वाद्य खोलीत कुठेच नसतं. कुणीतरी कुठल्यातरी देशात खऱ्या बासरीचा, खऱ्या ड्रमचा एकेक सूर वाजवून भरून ठेवलेला असतो, तो आपण बोलावला की येतो. त्याची सीडी करून मी मुलांना देते, म्हणजे गावी गेली तरी ती घोकत राहतात.

अडचण एवढीच होती, की दर नव्या गाण्याला सगळी वाद्यं पियानो होऊन बसायची. बासरी लिहावी तर पियानो, ड्रम लिहावा तर तोही पियानो. मग एकेका ओळीला तिचा आवाज नेमून द्यायचा, कुणी किती मोठ्यानं वाजायचं ते ठरवायचं, यातच संध्याकाळ जायची. चंद्रपूरला एक साउंडवाले भाऊ आहेत. त्यांच्या वडिलांपासून घरात लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, शादीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे त्यांचेच भोंगे. ते आता कॉम्प्युटरही दुरुस्त करतात. त्यांनीच मला सांगितलं, "बाई, एकडाव सगळं नीट बसवा आन् नाव देऊन ठेवून द्या. मंग दर गाण्याले तेच उघडा. रोज रोज तंबू काऊन ठोकता?" मला ते पटलं. श्रावणात जिल्ह्याचा शाळांचा कार्यक्रम होता, त्याच्या आधी मी ते बसवायला घेतलं. बासरीची ओळ झाली, ड्रम झाले, झांज झाली. ट्रँगल मात्र वाजेना. पडद्यावर प्रत्येक वाद्यासमोर एक हिरवी पट्टी असते, आवाज झाला की ती वर उडते. ट्रँगलची पट्टी उडत होती आणि आवाज नव्हता. मी तो पुसून पुन्हा बसवला. आवाजांचा सगळा संच काढून पुन्हा भरला. वायरी बदलल्या. पट्टी आपली उडतेच आहे. शेवटी चिडून मी भाऊंना फोन केला, की तुमचा स्पीकर बिघडला आहे.

ते रविवारी दुपारी नवे स्पीकर घेऊन आले. माझी मुलगी स्वयंपाकघरात मॅगी करत होती. हे घरी नव्हते. ह्यांची बदली भामरागडला आहे, आरोग्य खात्यात, आणि नदी पुलावर चढल्यामुळे त्यांची काहीच खबर नव्हती. भाऊंनी स्पीकर जोडले, कळ दाबली, मान हलवली आणि वायर गुंडाळायला लागले.

"झालं. मस्त वाजून राह्यलं."

"काय वाजून राह्यलं?" मी विचारलं.

"ट्रँगल. टिंग, टिंग."

"कुठी?"

त्यांना वाटलं मी गंमत करते. ते हसले. मग माझ्याकडे पाहून त्यांचं हसू गेलं. त्यांनी बाकीची सगळी वाद्यं बंद केली आणि एकटा ट्रँगल ठेवला. "बाई, आता निस्तं तेच चालू आहे," ते म्हणाले. खोलीत काही नव्हतं, बाबा. पंख्याची घरघर होती, बाहेर कुणाची तरी मोटरसायकल होती. भाऊंचं बोट टेबलाच्या काठावर ठेका धरून वरखाली होत होतं आणि त्या बोटाखाली माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी त्या बोटाकडे पाहत राहिले. तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "आई, ते टिंग टिंग बंद कर नं! डोकं दुखून राह्यलं माझं."

मी म्हटलं, "हो, आता आलं. येतंय." जाताना भाऊ दारात थांबून म्हणाले, "जुने स्पीकर नेतो मी. त्याईचंच काही असंल." ते खोटं आहे हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि पट्टीवर छोट्या बासरीचे सूर लिहिले, खालून वर, एकेक पायरी. कळ दाबली. पडद्यावर एक रेघ असते, ती वाजणाऱ्या सुरावरून पुढे सरकते. सूर चढत गेले, बारीक झाले, मग नुसती फुंकर राहिली, मग तीही गेली. रेघ पुढे सरकतच होती. अजून बरेच सूर होते. हिरवी पट्टी उडत होती. मी ते पुन्हा लावलं, आवाज वाढवून लावलं, कान स्पीकरला टेकवून लावलं. दर वेळी सूर जवळपास तिथेच संपायचे. आणि मग एकेक आठवायला लागलं. पंधरवड्यापूर्वी शेजारच्या काकूंना मी विचारलं होतं, यंदा रातकिडे कमी झाले नाई का? त्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं होतं. वर्गात ट्रँगल वाजवणाऱ्या मुलीला मी सारखं म्हणत होते, जोरात मार, घाबरते काय! ती बिचारी मारून मारून लाल व्हायची.

त्या संध्याकाळी मला तुमचा कुकर आठवला. मी सातवी-आठवीत असेन. आई शेजारी हळदीकुंकवाला गेलेली. स्वयंपाकघरात गॅसवर कुकर, तुम्ही तिथेच पाटावर पेपर वाचत बसलेले, मी बाहेर ओट्यावर मैत्रिणीशी बोलत होते. शिट्ट्या होत होत्या, मला वाटलं बाबा आहेत ना आत. कुकर करपला, झाकणाचा व्हॉल्व्ह उडाला, वरणाचे डाग छतापर्यंत गेले, आणि तुम्ही इतके दचकून उठलात की पाट उलटला. आई धावत आली. तुम्ही बाहेर येऊन मला सगळ्यांसमोर ओरडलात, "बहिरी झाली का तू? एवढ्या शिट्ट्या झाल्या, आयकू नाई आलं काऊन?" मी रडले. किती तरी वर्षं मी ते मनात धरून होते, की कुकरच्या शेजारी तर तुम्ही बसला होतात. आता मनानं मी त्याच स्वयंपाकघरात उभी आहे, तुमचा चेहरा पाहते आहे, आणि मला तो रागाचा वाटत नाही. तो चेहरा मी रविवारी आरशात पाहिला.

नागपूरला डॉक्टरबाईंनी मला एका लहान खोलीत बसवलं. भिंतींना गादीसारखं काही लावलेलं, दार बंद झालं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबत होते. मग लांबच लांब शांतता आली आणि मला कळेना, की आवाज थांबलेत की माझ्यापर्यंत येत नाहीत. परीक्षेत नापास व्हायची भीती वाटावी तशी भीती वाटली आणि मी अंदाजानं दाबायला लागले. काचेपलीकडे बाईंनी मान वर केली. आत येऊन त्या हळूच म्हणाल्या, "अंदाजानं दाबू नका. इथे कोणी मार्क देत नाही." मग त्यांनी कागद दाखवला. त्यावरची रेघ काही अंतर सरळ जाऊन एकदम खाली उतरली होती, विहिरीत उतरावी तशी. आतल्या नसा कमजोर होत आहेत, त्या म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. हळूहळू जाईल. कानाला मशीन लावता येईल. परत आणता येणार नाही.

"घरात कोणाला होतं?"

"वडिलांना. पण ते टर्बाइनवर होते. मोठ्या आवाजात काम होतं त्यांचं."

"तुम्ही होता का टर्बाइनवर?"

मी नाही म्हटलं. त्यांनी कागदावर 'वडील' एवढंच लिहिलं. पुढे विचारायची गरजच नव्हती.

आणि आम्ही सगळे टर्बाइनच म्हणत आलो, बाबा. तुम्ही हळूहळू बोलेनासे झालात, तेव्हा आई म्हणायची ड्यूटीचा थकवा. कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही क्लॅरनेट वाजवायचात, तो एका गणपतीनंतर पेटीत बंद करून कुणाला तरी देऊन टाकलात, तेव्हा सगळ्यांना वाटलं भांडण झालं. हाक मारली तर बघत नाही, फार शिष्ट आहे, असंही लोक म्हणाले. तुम्ही एकदा मला प्लांट पाहायला नेलं होतं, कामगारांच्या मुलांसाठी एक दिवस असायचा तेव्हा. टर्बाइनच्या त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आवाजानं माझ्या छातीचं हाड थरथरायला लागलं. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे हातांनी बोलतात. तुम्ही लांबच्या माणसाला दोन बोटं दाखवलीत, त्यानं अंगठा दाखवला, तुम्ही हसलात. घरी मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मुलीला आपलं काम दाखवतात म्हणून खुशीत आहेत, असं मला वाटलं होतं. आता वाटतं, त्या हॉलमध्ये तुम्ही बाकीच्यांसारखेच होतात. तिथे तुम्हाला काही लपवावं लागत नव्हतं.

आणि तो रस्ता. तुमची सायकल, मागून कोळशाचा ट्रक. मी तेव्हा सासरी, मुलगी पोटात. सगळे सांगत होते, ट्रकवाला हॉर्न देऊन राह्यला होता हो, लांबून देऊन राह्यला होता. मग बाजूले काऊन नाई झाले? त्या 'काऊन'चं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. गेले काही महिने मी रस्त्यानं चालताना दर थोड्या वेळानं मागे वळून पाहते. बाजारात बायका विचारतात, बाई, कोणाची वाट पाहता?

मग मी चिमूरला आत्याकडे गेले. एस.टी.त बसून मनात एवढंच होतं, की तिनं म्हणावं, नाही गं, आपल्या घरात असं काही नव्हतं. आत्या आता फार थकली आहे, पण कान शाबूत. मी विचारलं आणि तिनं निवडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवलं.

"आमची मायबी आयकत नव्हती," ती म्हणाली. "तरणी होती तवापासून. तुह्या बाले झालं. मी सुटली."

"बाबाले मालूम होतं?"

"मालूम नसंल काऊन? टरबाइन-टरबाइन लोक म्हणत, तो म्हणू देये. म्हणे, पोरीच्या लग्नात कोणी इचारलं तं टरबाइनचं नाव सांगता येते. तुह्ये कान पाहाले तुले नागपूरले घेऊन गेलता नं तो. तुह्या मायले टॉन्सिल सांगतलं."

नागपूर मला आठवत होतं. टॉन्सिलच आठवत होते. गादीच्या भिंती, कानावर जड काहीतरी, आणि तुम्ही काचेपलीकडे उभे, दोन्ही हातांनी छत्री घट्ट धरून. तपासून बाहेर आल्यावर तुम्ही मला उचलून घेतलंत, मी उचलून घेण्याएवढी लहान नव्हते तरी. सीताबर्डीत संत्रा बर्फी घेतलीत, चालता चालता शीळ घालत होतात, सूर इकडे तिकडे जात होता आणि मी हसत होते. पुढच्याच आठवड्यात घरात हार्मोनियम आली. आई म्हणाली, हे काय भलतंच, पोरगी एक गाणं धड म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, "शिकते ते. तिचे कान चांगले आहेत." मला वाटलं तुम्ही माझं कौतुक करता आहात. तुम्ही डॉक्टरांचा निकाल सांगत होतात. माझा सगळा जन्म, ही नोकरी, हा बँड, त्या एका वाक्यावर उभा आहे, बाबा, आणि ते वाक्य चुकीचं निघालं. तुम्हाला ते कधी कळलं नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानते.

परत आल्यावर मी माझ्या मुलीला नेलं. टॉन्सिल सांगितले नाहीत, शाळेची तपासणी आहे असं सांगितलं. ती गाते. माझ्यापेक्षा चांगली गाते, न शिकवता. काचेपलीकडून मी तिचा अंगठा पाहत होते. तो दाबत होता, दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, एकदम छान आहेत कान. मी त्यांना विचारलं, मी हिच्या वयाची असताना माझेही असेच असतील का? त्यांनी कागद पाकिटात घातला आणि म्हणाल्या, "असणार. दर वर्षी आणा." तुम्ही ज्या निकालावर शीळ घालत चाललात, तोच निकाल हातात घेऊन मी स्टँडवर बसून होते. मुलगी म्हणाली, "आई, चांगलं सांगितलं ना त्यांनी? मग अशी काऊन बसली?"

पूर उतरल्यावर हे घरी आले. मी दोन दिवस धीर गोळा करून सांगितलं. ह्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

"मले वाटतच होतं," ते म्हणाले. "टीव्ही तू किती मोठा लावते. मी मागून बोललो तं तू जवाब देत नाई."

"मग बोलले काऊन नाई?"

"तू भेशील म्हणून."

मी भ्यायलेच होते की. तरी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

कार्यक्रम पार पडला. ट्रँगलवाल्या मुलीला मी म्हटलं, तुझं तू ऐक आणि तुला बरं वाटेल तसं वाजव. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला ऐकू आल्या. मुख्याध्यापिकांना मी मशीन लावल्यावर सांगितलं. त्या म्हणाल्या, पाहू, जमेल तोवर करा. 'जमेल तोवर' हे शब्द मी अजून चघळते आहे. आणि कॉम्प्युटरवर वाद्यं बसवणंही मी पुरं केलं. दोन साचे केले. एकाचं नाव 'शाळा', त्यात सगळं जसं आहे तसं: बासरी बासरीसारखी, ट्रँगल ट्रँगलसारखा. सीडी त्यावरून करते, आणि ती बरोबर आहे का ते मुलगी ऐकून सांगते. दुसऱ्याचं नाव 'माझं'. त्यात ट्रँगलच्या जागी एक जाड घंटा आहे, आणि बासरीच्या जागी क्लॅरनेट, बराच खाली आणलेला. तो मला अजून तळापासून टोकापर्यंत ऐकू येतो. गाणं लिहिताना मी 'माझं' उघडते, लिहून झालं की 'शाळा'. सोय अशी आहे, की उद्या क्लॅरनेटही वरून विरायला लागला तर एकाच जागी बदल करायचा, आजवरची सगळी गाणी आपोआप खाली येतील. भाऊंना दाखवलं तर ते म्हणाले, "हे तं बढिया केलं बाई." मी हसले. पण पडद्यावर ती खिडकी उघडली की दर वेळी माझा हात कळेवर थांबतो. अजून किती खाली जाता येतं, हे मला मोजायचं नाही.

भीती कमी झालेली नाही. मशीन लावलं की भांडी अंगावर आल्यासारखी वाजतात, काढलं की घर लांब जातं. मी स्वतःला एकच समजूत घालत होते, की ऐकलेलं सगळं आत साठून राहतं, कान गेले तरी ते कुठे जात नाही, बोलावलं की येईल. त्याच धीरावर मी हे लिहायला बसले. आता हे फाडून टाकीन किंवा हार्मोनियमच्या पेटीत ठेवीन, पाठवायला तर जागाच नाही. म्हणून खरं ते सांगून टाकते. वर तुमच्या तोंडी जी जी वाक्यं लिहिली, कुकरचं ते, हार्मोनियमचं ते, ती लिहिताना मी थांबून थांबून तुमच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. शब्द सगळे तुमचेच आहेत, बाबा. आवाज माझा येतो.